संगणकाची निगा आणि काही छोटी अवजारे



गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी माझ्याकडे आले. खिशातून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि आतला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, ह्यात सात वर्षं होती."

सात वर्षे म्हणजे काय, ते सांगतो. ह्या गुरुजींना जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा छंद. शाळा सुटली की वाड्यावस्त्यांवर जावयाचे, एखाद्या म्हाताऱ्या बाईला जात्याशी बसवावयाचे आणि मोबाइलवर तिचा आवाज मुद्रित करून घ्यावयाचा. अशा एकेचाळीस बायांचे आवाज त्यांच्याजवळ जमले होते. फोन बदलताना ते सारे त्यांनी ह्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवले. पुढे एके दिवशी पेनड्राइव्ह शाळेच्या संगणकाला लावला, तर फोल्डर दिसेना. फोल्डरच्या नावाचे एक 'शॉर्टकट' तेवढे दिसे आणि ते उघडू गेले की चूक दाखवी. गुरुजी तालुक्याला दुकानात गेले. दुकानदाराने पाहिल्यासारखे केले आणि म्हणाला, "व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल." मारला. शंभर रुपये घेतले. गुरुजींनी त्या मोकळ्या पेनड्राइव्हवर शाळेच्या काही प्रश्नपत्रिका भरल्या, आणि मग दोन दिवसांनी आपण काय घालवले ते त्यांच्या ध्यानात आले.

"त्यांतल्या सहा जणी आता नाहीत," गुरुजी म्हणाले.

त्या पेनड्राइव्हचे पुढे काय झाले ते मी शेवटी सांगेन. पण त्या दिवशी मनाला एक गोष्ट फार लागली. फॉरमॅट करण्यापूर्वी त्या पेनड्राइव्हमधले काहीसुद्धा गेलेले नव्हते. ते तिथल्या तिथेच होते, फक्त दिसत नव्हते. पाहण्याचे साधन दुकानदाराच्या संगणकात होते, गुरुजींच्या शाळेच्या संगणकातही होते. कोणी पाहिले मात्र नाही. म्हणून आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते संगणकाच्या आत डोकावण्याच्या आणि त्याला आपल्या सोयीप्रमाणे वळवून घेण्याच्या काही छोट्या अवजारांविषयी. मी स्वतः इतिहास शिकवतो, संगणकशास्त्राचा माणूस नव्हे. तेव्हा जे सांगेन ते वापरणाऱ्याच्या बाजूने सांगेन.

संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम नावाची एक चीज असते. जुन्या वाड्यातला दिवाणजी आठवा. कोणाला कोणती खोली द्यावयाची, कोठारातले धान्य कोणाला किती, दारावर कोण आले, हे सारे त्याच्या हातात. मालकाने हुकूम करावा, बाकीचे दिवाणजी पाहील. संगणकाची स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक, प्रिंटर ह्यांचा असाच कारभार ऑपरेटिंग सिस्टिम पाहते. आपल्याकडच्या बहुतेक शाळांत आणि कार्यालयांत ती विंडोज असते. दिवाणजी कितीही चांगला असला तरी मालकाने अधूनमधून वही पाहावी लागते. ती वही पाहण्याच्या, आणि जमल्यास तीत दुरुस्ती करण्याच्या साधनांना 'युटिलिटी' म्हणतात. मी त्यांना अवजारे म्हणतो. शेतात नांगर असला तरी तण काढायला खुरपेच लागते ना, तशी ही खुरपी.

आता गुरुजींच्या पेनड्राइव्हचे मूळ दुखणे पाहू. ह्या जातीचा व्हायरस आपला खरा फोल्डर पुसत नाही. त्यावर 'लपलेला' आणि 'सिस्टिमचा' अशा दोन खुणा करतो, आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट पुढे ठेवतो. आपण त्यावर टिचकी मारली की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून आपल्याला संशय येत नाही. पुढे अँटिव्हायरस त्या व्हायरसला उचलून नेतो. शॉर्टकट मग पोरके होते आणि आपल्याला वाटते, सारे गेले. अशा वेळी काय करावे? फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' ह्या सदरात लपलेल्या वस्तू दाखवण्याची सोय असते, ती चालू करावी. मग 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची जी खूण असते ती थोड्या वेळापुरती काढावी. फिकट रंगात आपला फोल्डर समोर येतो. आधी त्यातली माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी, मग पेनड्राइव्हचे काय करावयाचे ते करावे. खेळ दोन मिनिटांचा. ह्याच 'व्ह्यू'मध्ये फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे 'एक्स्टेन्शन', दाखवण्याची सोय आहे. ती मात्र कायमची चालू ठेवा. एखादी वस्तू फोटो म्हणून मिरवत असते, आणि तिचे शेपूट 'ईएक्सई' निघाले की ती फोटो नसून चालणारा प्रोग्रॅम आहे, हे उघडण्याआधीच कळते.

शिक्षकांची सर्वांत मोठी तक्रार वेगळीच असते. "संगणक सुरू व्हायला घंटा होते तोवर वेळ लागतो." पहिल्या तासाला कळ दाबावी आणि दुसऱ्या तासाला शिकवावे! हा संगणक विकत आणला तेव्हा असा नव्हता, मग आता काय झाले? यंत्र म्हातारे झाले हे काही अंशी खरे. पण पुष्कळदा घडते ते असे, की दर वर्षी कोणी काहीतरी बसवून जातो. प्रिंटरबरोबर एक सॉफ्टवेअर येते, टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्गासाठी दोन-तीन आली, कोणी गाणी वाजवायचे घातले, आणि ह्यांतले प्रत्येक जण संगणक सुरू झाला की न बोलावता उठून बसते. लग्नघरी यावे तशी पंधरा-वीस मंडळी सकाळी एकदम चहा मागू लागली, तर चूल काय करील?

ही मंडळी कोण ते पाहण्यास प्रथम काहीच आणावे लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'स्टार्टअप' नावाचे सदर आहे. तेथे नावे असतात आणि प्रत्येकाचा भार जड, मध्यम की हलका तेही लिहिलेले असते. जे नको त्यावर उजवी टिचकी मारून 'डिसेबल' करावे. त्याने सॉफ्टवेअर निघून जात नाही. आपण बोलावू तेव्हा ते येतेच.

पण टास्क मॅनेजर पुढच्या दाराने येणारे पाहुणेच दाखवतो. मागचे दार, परसदार, माडीचा जिना ह्या वाटांनी येणारे त्यात दिसत नाहीत. त्यासाठी 'ऑटोरन्स' नावाचे अवजार आहे, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्या दोघांनी १९९६ च्या सुमारास विंडोजच्या पोटात काय चालते ते दाखवणारी छोटी अवजारे लिहून फुकट वाटावयास आरंभ केला. त्या संचाला पुढे 'सिसइंटर्नल्स' हे नाव पडले. २००५ सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी रसिनोविच आपलेच एक नवे अवजार आपल्याच संगणकावर चालवून पाहत होता, तर त्याला काही लपलेल्या फायली दिसल्या. चोर कोठून आला म्हणून माग काढता काढता तो एका गाण्यांच्या सीडीपाशी पोचला! ती सीडी त्याने रीतसर विकत घेतलेली. तिची नक्कल कोणी करू नये म्हणून सोनी बीएमजी कंपनीने तिच्याबरोबर एक सॉफ्टवेअर पाठवले होते. ते संगणकात शिरून स्वतःला असे दडवी, की ठरावीक चिन्हांनी सुरू होणारे कोणतेही नाव विंडोजला दिसेनासेच होई. उपटून काढू गेले तर सीडी चालवणारा भाग बंद पडावा अशी त्याची मुळे. रसिनोविचने सारा पुरावा जाहीर केला. बोभाटा झाला, खटले झाले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीला त्या सीड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ह्या दोघांची कंपनी विकत घेतली. ज्यांच्या घरात हे बाहेरून डोकावत होते, त्यांनीच ह्यांना घरात घेतले म्हणावयाचे! अवजारे मात्र फुकटच राहिली, आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मिळतात.

ऑटोरन्स बसवावे लागत नाही, पेनड्राइव्हवरून तसेच चालते. उघडल्यावर शेकडो ओळींची यादी समोर येते. तिला पाहून घाबरू नका. 'ऑप्शन्स'मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याची सोय आहे, ती वापरली की यादी पन्नासावर येते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल जागेवर नाही, मेलेल्या सभासदाचे नाव यादीत राहावे तसे. गुलाबी ओळ म्हणजे करणाऱ्याची खात्रीची सही नाही. अशी प्रत्येक ओळ चोराचीच असते असे नव्हे, पण तिचे नाव विचारावे. आणि एक पथ्य कडक पाळावे. ओळ पुसू नये, तिच्यापुढची बरोबरची खूण काढावी. बिघडले तर खूण पुन्हा करता येते. एका वेळी एकच खूण काढावी, संगणक बंद करून सुरू करावा, पाहावे, वहीत तारीख घालून लिहावे, मग दुसरी. ह्यात एक आठवडा गेला तर जाऊ द्या. एका दमात वीस खुणा काढणाऱ्याला प्रिंटर कशाने बंद पडला ते कधीच कळत नाही.

ह्याच संचातले दुसरे अवजार 'प्रोसेस एक्सप्लोरर'. पडद्यावर मधूनच एखादी जाहिरातीची खिडकी उसळते आणि ती कोणाची ते कळत नाही, असा अनुभव आपणांस असेल. ह्या अवजारात नेमबाजाच्या चकतीसारखे एक चिन्ह आहे. ते माउसने धरून त्या खिडकीवर नेऊन सोडावे. कोणत्या प्रोग्रॅमची ती खिडकी, ते नाव उजळते. तसेच, पेनड्राइव्ह काढू गेले की "वापरात आहे" म्हणून संगणक अडवतो. कोण वापरतो ते सांगत नाही! प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-एफ दाबून पेनड्राइव्हचे अक्षर, म्हणजे 'ई' किंवा 'एफ' आणि पुढे विसर्गचिन्ह, टंकले तर कोणी धरून ठेवले आहे ते सांगतो.

आता दुसऱ्या बाजूचे बोलतो. बाजारात "एका टिचकीत संगणक दुप्पट वेगवान" अशा जाहिरातीची सॉफ्टवेअरे पुष्कळ. मीही त्यांतल्या एकाच्या नादी लागलो होतो. त्याने तपासणी केली आणि बाराशेच्या वर दोष लाल अक्षरांत दाखवले. माझे धाबे दणाणले. 'सर्व दुरुस्त करा' दाबले. दुसऱ्या दिवशी विभागाचा प्रिंटर सापडेना, आणि डाउनलोडचा फोल्डर स्वच्छ धुतलेला. त्यात अठ्ठावन्न विद्यार्थ्यांच्या अंतर्गत गुणांचा तक्ता होता. उत्तरपत्रिका काढून दोन रात्री बसून तो पुन्हा केला. संगणकाचा वेग होता तेवढाच राहिला, हे सांगावयास नकोच.

ते बाराशे दोष म्हणजे काय होते? विंडोज आपल्या सगळ्या नोंदी 'रजिस्ट्री' नावाच्या वहीत ठेवते. त्यात लाखो ओळी असतात. काही ओळी जुन्या, निरुपयोगी होतात हे खरे. पण हजार-दोन हजार ओळी काढल्याने त्या वहीचे वजन कमी झाले असे वाटण्याजोगे काही होत नाही, आणि भलती ओळ निघाली तर मात्र सारे अडते. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरांना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवले आहे. 'रॅम मोकळी करणारे' असतात त्यांचीही हीच गत. ते चालू कामाला स्मृतीतून हुसकून डिस्कवर पाठवतात, आकडा सुंदर दिसतो, आणि लगेच सारे परत आणावे लागते.

आणि चांगल्या नावाचेही सदैव चांगलेच निघते असे नाही. 'सीक्लीनर' हे जगभर वापरले जाणारे अवजार. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच चोरांनी आपला माल मिसळला. म्हणजे खुद्द मूळ दुकानातून घेतलेल्या पाकिटात भेसळ! सप्टेंबरात ते उघडकीस आले तोवर सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ते उतरले होते. म्हणून माझा नेम असा : ज्या अवजाराची गरज आहे तेच आणावे, करणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच आणावे, काम झाले की काढून टाकावे. शोधयंत्रात पहिल्या क्रमांकावर दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते, आणि जे हिरवे मोठे 'डाउनलोड' बटण दिसते ते सहसा आपले नसते. कोणताही फेरफार करण्यापूर्वी स्टार्टमध्ये 'रिस्टोर पॉइंट' असे टंकून एक परतीची खूण करून ठेवावी. तिने सिस्टिम मागे नेता येते. आपली कागदपत्रे मात्र तिने परत येत नाहीत, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते.

डिस्क भरली म्हणून अडलेल्या संगणकाला 'विनडरस्टॅट' चांगले. ते सारी डिस्क मोजून तिचे चित्र काढते. प्रत्येक फाइल एक रंगीत चौकोन, जितकी मोठी फाइल तितका मोठा चौकोन. गावचा नकाशा पाहावा तसे एका दृष्टीत कळते की अर्धी जमीन कोणी अडवली आहे. एका शाळेत ती अर्धी जमीन स्नेहसंमेलनाच्या एकाच चित्रफितीच्या चार प्रतींनी अडवलेली निघाली. ह्याचे भावंड 'एव्हरीथिंग', हे नावावरून फाइल शोधून देते. विंडोजचा शोध गल्लोगल्ली फिरतो, हे मात्र डिस्कची स्वतःची नोंदवहीच वाचते. शेतोशेत हिंडण्याऐवजी तलाठ्याचे दप्तर उघडावे, तसे. म्हणून अक्षर टंकताच उत्तर येते. तीन वर्षांपूर्वीचे कोणते तरी परिपत्रक मुख्याध्यापकांना ह्याच क्षणी हवे असते, त्या वेळी ह्याची किंमत कळते.

वळवून घेण्याच्या अवजारांत मायक्रोसॉफ्टचेच 'पॉवरटॉइज' पाहावे. हे नाव विंडोज ९५ च्या काळातले. २०१९ पासून ते नव्याने आणि उघड्या दप्तराने, म्हणजे ज्याचा मूळ मजकूर कोणीही वाचावा असे, तयार होऊ लागले. त्यात बरीच अवजारे आहेत आणि बहुतेकांची आपणांस गरज नाही. दोन मात्र शाळेच्या फार कामाची. एक, फोटो लहान करण्याचे. विद्यार्थ्यांचे फोटो पोर्टलवर चढवताना 'आकार मोठा आहे' म्हणून परत येतात ना? चाळीस फोटो एकदम निवडावे, उजवी टिचकी मारावी, आकार सांगावा, झाले. दुसरे, ढिगाने नावे बदलण्याचे.

शिक्षकांच्या सर्वांत उपयोगाचे अवजार माझ्या मते 'झूमइट'. तेही रसिनोविचचेच. पडद्यावर नकाशा लावला आहे, मागच्या बाकावरच्या मुलाला सह्याद्रीतला घाट दिसत नाही. कंट्रोल आणि १ दाबा, माउस नेला तो भाग मोठा होतो. कंट्रोल आणि २ दाबा, माउसने त्यावर रेघा ओढता येतात, लाल खडूने ओढाव्या तशा. एस्केप दाबले की सारे पूर्ववत. मी शिवकालीन घाटवाटा शिकवताना हेच वापरतो, आणि ह्याला पाच पैसे पडत नाहीत.

मराठीचा प्रश्न निराळा आणि जिव्हाळ्याचा. पुष्कळ शाळांत अजूनही जुन्या फॉन्टांत टंकलेली दप्तरे आहेत. ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तेथे ती उघडली तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कारण त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरे नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठीचे मुखवटे चढवलेले असतात. युनिकोडमध्ये मात्र 'क' हा जगभर 'क'च. विंडोजमध्ये युनिकोड मराठीचा कळफलक आधीपासूनच आहे. 'लँग्वेज' सेटिंगमध्ये मराठी जोडावी, मग विंडोज-कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलता येते. तेथे इनस्क्रिप्ट मिळतो, आणि २०१९ पासून रोमन लिपीत उच्चारावरून टंकण्याचा कळफलकही मिळू लागला. मी इनस्क्रिप्टच्या बाजूचा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, अशी त्याची रचना मुलांना पंधरा दिवसांत येते. आणि ज्यांना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' ह्यातला अर्धा र सापडत नाही त्यांनी लिहून घ्यावे : शिफ्ट आणि जे दाबून टिंबाचा र, मग डी दाबून हलन्त, मग य. हा र नीट उमटला की मराठीच्या शिक्षकाच्या चेहऱ्यावर जे समाधान येते ते पाहण्यासारखे असते.

जुन्या संगणकांविषयी थोडक्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, तो पुष्कळ शाळांतल्या संगणकांत नाही. म्हणून ते भंगारात द्यावेत काय? मला तसे वाटत नाही. फिरती डिस्क असेल तर प्रथम एसएसडी बसवून पाहावी. एवढा फरक कोणत्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. आणि लिनक्स मिंट ह्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची 'एक्सएफसीई' आवृत्ती २ जीबी स्मृतीवरही चालते, ४ असेल तर बरे. ज्यांचे मुख्यालय पुण्यात आहे त्या सी-डॅकनेही लिनक्सवर आधारलेली 'बॉस' नावाची प्रणाली केली आहे. लिनक्सची मौज अशी की 'रूफस' नावाच्या अवजाराने ती पेनड्राइव्हवर चढवून, डिस्कला हात न लावता, तिथूनच चालवून पाहता येते. प्रिंटर ओळखतो का, पोर्टल उघडते का, मराठी उमटते का, हे सारे तपासून मगच निर्णय घ्यावा. जुन्या फॉन्टांची सॉफ्टवेअरे आणि काही यंत्रे तिच्यावर चालत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. आणि रूफस त्या पेनड्राइव्हवरचे सारे पुसतो, तेव्हा मोकळाच घ्या.

तर आता गुरुजींचा पेनड्राइव्ह.

१९८२ साली अमेरिकेत पीटर नॉर्टन नावाच्या गृहस्थाने एक अवजार-संच काढला, त्यातल्या 'अनइरेज' ह्या अवजाराने त्याचे नाव झाले. त्या काळच्या डॉसमध्ये फाइल पुसली की संगणक फक्त यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर बदली. मजकूर होता तिथेच राही, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. नॉर्टनचे अवजार ते पहिले अक्षर आपल्याला विचारून परत लिही. पेनड्राइव्हवर आजही बऱ्याच अंशी तसेच आहे. घाईचा फॉरमॅट यादी कोरी करतो, कोठार रिकामे करत नाही. एसएसडीत मात्र पुसलेली जागा आतून लवकरच साफ होते, तेथे ही आशा फारशी धरू नये.

मी गुरुजींना आधी विचारले, "प्रश्नपत्रिकांनंतर ह्यावर आणखी काही भरलेत?" म्हणाले, "नाही सर, हात लावला नाही." क्रिस्तोफ ग्रेनिए ह्या फ्रेंच माणसाचे 'फोटोरेक' नावाचे मोफत अवजार आहे. नावात फोटो असला तरी ते आवाजाच्या फायलीही शोधते. ते यादीकडे पाहतच नाही. कोठारातला कण नि कण उचलून, ही एमपीथ्रीची सुरुवात, हा शेवट, असे ओळखत जाते. मिळालेले मात्र दुसऱ्या डिस्कवर काढावयाचे, त्याच पेनड्राइव्हवर नव्हे, नाहीतर शोधतानाच आपण बुजवतो. रात्री नऊला लावले आणि आम्ही चहा घेत बसलो. एकेचाळीसपैकी एकोणतीस ओव्या निघाल्या. उरलेल्या बारांच्या जागी प्रश्नपत्रिका बसल्या होत्या किंवा आवाज तुटलेला होता.

आणि यादी गेलेली असल्यामुळे नावे एकाचेही आले नाही. 'एफ' हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा, अशा एकोणतीस फायली. कोणती कोणाची, हे सांगणारे अवजार नाही. गुरुजींनी त्यांच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आणि ते रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून बसू लागले. ही वरच्या आळीची. ही खोकते ती धनगरवाड्यावरची. ही तर माझी चुलती. ज्या ओळखू येईनात त्या फोनवर घालून गावोगाव नेल्या, म्हाताऱ्यांना ऐकवल्या. परवा भेटले तेव्हा दोन आवाज तेवढे राहिले होते. त्यांतल्या एकीच्या जात्याच्या घरघरीमागे मधूनच देवळातली घंटा ऐकू येते, आणि गुरुजी त्या घंटेवरून घर शोधताहेत.